साडेअकरा ते चौदा

पेटीवर चिकटपट्टीने कागद लावलेला. त्यावर बॉलपेनने घाईघाईत लिहिलेलं : ‘बॅटरी गेली. वापरू नये.’ कोल्हापुरातल्या एका कार्यालयातलं लोखंडी कपाट, त्याचा तळाचा कप्पा, शेजारी सुरळी केलेले नकाशे, दोरीने बांधलेले रेंजिंग रॉड आणि कोपऱ्यात गंजलेली मोजणीची साखळी. पेटी उघडली तर आत टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र, जसंच्या तसं. दुर्बिणीतून खिडकीबाहेर पाहिलं तर पलीकडच्या इमारतीच्या टाकीवरची अक्षरं लख्ख दिसत होती. क्रॉसहेअर काळ्याभोर, बुडबुडा मधोमध येऊन थांबणारा, स्क्रू कुठेही न अडकता फिरणारे. यंत्राला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. गेले होते ते त्याच्या बाजूच्या खणातल्या डबीतले सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. तशी डबी आता बाजारात मिळत नाही, म्हणून लाखांत घेतलेलं यंत्र कपाटात जाऊन बसलं.

तो कागद तेव्हापासून डोक्यात आहे. वाईट वाटतं, आणि त्याच वेळी हेही पटतं की कागद लावणाऱ्याने त्याच्या जागी बरोबरच केलं. भर मोजणीत बंद पडणाऱ्या यंत्रावर कोण विसंबून राहील? पण भिंगं, वर्तुळं, अंतर मोजणारा लेसर, सगळं शाबूत असताना निव्वळ सेलपायी यंत्र निकालात काढायचं, हे मनाला काही केल्या पटत नाही. बाहेरून वीज देऊन अशी यंत्रं बिनघोर चालतात. फक्त ती कशी द्यायची याचे नियम आहेत, आणि ते पाळले नाहीत तर चांगलं यंत्र कायमचं जातं.

या जिल्ह्यात मोजणी म्हणजे प्लगपासून लांबचं काम. मसाई पठारावर जांभ्याचा उघडा सडा, सावलीला झाड नाही. गगनबावड्याकडे सगळा डोंगरउतार. शिरोळच्या मळ्यांत ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि चालत मोटारीच्या पेटीपर्यंत गेलं तरी शेतीची लाइट त्या वेळेला असेलच असं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला यंत्राच्या तिपाई स्टँडजवळून हाक येते, “बॅटरी बसली की ओ साहेब.” दुसरी डबी लावावी तर तीही अर्ध्या तासात मान टाकते, कारण दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या. हिशेब साधा आहे. ६ व्होल्ट, २.१ एएचची (अँपिअर-अवरची) निकेल-मेटल हायड्राइड डबी म्हणजे कागदावर साडेबारा वॅट-तास. ७.४ व्होल्ट, २.२ एएचची लिथियम डबी म्हणजे सोळा. हाताने फिरवायचं टोटल स्टेशन अंतर मोजत असताना साधारण तीन ते सहा वॅट घेतं. आतल्या मोटारीने आपोआप फिरून प्रिझमच्या (समोर धरलेल्या परावर्तकाच्या) मागे जाणारं त्याहून बरंच जास्त. ट्रॅकिंगवर (न थांबता अंतर मोजत) सतत ठेवलं तर नवीकोरी डबीसुद्धा तीन तासांत हात टेकते, आणि काही वर्षं वापरलेल्या डबीत त्यातलंही निम्मं उरलेलं असतं. पडद्यावरच्या बॅटरीच्या काड्या बघून अंदाज बांधावा, तर त्या व्होल्टवरून काढलेल्या असतात. निकेलच्या सेलचे व्होल्ट बराच वेळ जवळजवळ एकाच पातळीवर राहतात आणि शेवटी एकदम कोसळतात. तीन काड्या दिसत असताना यंत्र बंद पडतं ते यामुळे.

नुसतं काम थांबत असतं तर चहा पिऊन दुसरी बॅटरी आणता आली असती. खरी गोम दिशेत आहे. स्टेशनवर यंत्र बसवलं, बॅकसाइट (माहीत असलेल्या मागच्या खुणेवरची नजर) धरून बेअरिंग (त्या खुणेची दिशा) भरलं, आणि पुढचे साठ-सत्तर बिंदू त्या एका दिशेच्या भरवशावर घेतले. मध्येच वीज गेली, तर इन्क्रिमेंटल एन्कोडरच्या, म्हणजे चालू केल्यापासून किती फिरलं ते मोजून कोन काढणाऱ्या, जुन्या यंत्रात ती दिशा पुसली जाते. चालू केल्यावर दुर्बीण वरखाली फिरवून उभ्या कोनाचं शून्य पुन्हा दाखवावं लागतं, तेव्हा कुठे ते कोन सांगू लागतं. ॲब्सोल्यूट एन्कोडरच्या, म्हणजे वर्तुळावरचा कोन थेट वाचणाऱ्या, यंत्रात वर्तुळाचं वाचन परत मिळतं खरं. पण डबी खणात घट्ट बसलेली असते. ती ओढून काढताना आणि दाबून बसवताना यंत्राला हिसका बसतो. तेवढ्यात ट्रायब्रॅक (यंत्राखालची बैठक) केसभर फिरला तर आकडा जुनाच दिसतो आणि दिशा मात्र बदललेली असते. वीस सेकंदांचा फरक शंभर मीटरवर एक सेंटिमीटर होतो. मोजणी करणाऱ्याला तो तिथे जाणवत नाही; संध्याकाळी नकाशात दोन कुंपणं एकमेकांत शिरलेली दिसतात.

बॅटरी बदलली की बॅकसाइट पुन्हा धरायची. यात सूट नाही.

बाहेरची बॅटरी म्हणजे दिवसभर एकच अखंड पुरवठा, आणि खणातली डबी हाताशी राखून. बऱ्याच यंत्रांत दोन्ही असल्या की आधी बाहेरची वापरली जाते आणि ती सुटली तर आतली सांभाळून घेते. आपल्या यंत्राचं काय ते घरीच तपासून बघावं. बाहेरून वीज दिल्याने आतली डबी सहसा चार्ज होत नाही, हेही लक्षात असू द्यावं. पद्धत म्हणून यात नवं काहीच नाही. विजेवर अंतर मोजण्याच्या सुरुवातीच्या काळापासून बाहेरची बॅटरी सोबत आहे. दक्षिण आफ्रिकेत ट्रेव्हर वॅडली यांनी केलेला टेलुरोमीटर १९५७ मध्ये आला, तो डोंगरावर नेताना सोबत जड बॅटऱ्या चढवाव्या लागत. नंतर थिओडोलाइटच्या (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या) डोक्यावर बसवायचे ईडीएम (अंतर मोजणारे जोड) आले, तेव्हाही स्टँडजवळ १२ व्होल्टची बॅटरी आणि तिच्यातून वर गेलेली वायर हे नेहमीचं दृश्य होतं. डबी यंत्राच्या पोटात गेली ती त्यानंतर.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅटरी घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा एएच विचारतो. आधी व्होल्ट विचारायला हवेत. उसाला पाणी चढवताना विहीर कितीही भरलेली असली तरी मोटारीचा हेड कमी असेल तर पाणी माळावर पोचत नाही; एएच म्हणजे विहिरीतलं पाणी आणि व्होल्ट म्हणजे हेड. लायका कंपनीच्या टीपीएस ४०० आणि ८०० या टोटल स्टेशन मालिकेच्या पुस्तिकेत बाहेरच्या पुरवठ्याची मर्यादा स्पष्ट दिली आहे : ११.५ ते १४ व्होल्ट डीसी. खाली गेलात तर यंत्र ‘बॅटरी लो’ म्हणून बंद होतं. वर गेलात तर आतल्या भागांवर बेतू शकतं, आणि त्याची दुरुस्ती सेल बदलण्याइतकी स्वस्त नसते. ‘१२ व्होल्ट’ असं लेबल असलेल्या बहुतेक गोष्टी प्रत्यक्षात १२ व्होल्ट देत नाहीत. कोणती बॅटरी भरलेली असताना किती देते आणि रिकामी होताना किती, हे दोन आकडे माहीत असले की अर्धं काम झालं.

यूपीएसमध्ये असते ती शिशाची सीलबंद ७ एएचची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. चार्जरवरून काढून थोडा वेळ ठेवली की १२.७ च्या आसपास, निम्मी उतरली की १२.१-१२.२, आणि हलक्या लोडवर ११.५ दिसले की जवळजवळ संपलेली. म्हणजे ती मर्यादेत नीट बसते. तिची ७ एएच ही क्षमता वीस तासांत सावकाश उतरवली तरची, म्हणजे ०.३५ अँपिअरने, टोटल स्टेशनचं खाणं साधारण तेवढंच, म्हणून क्षमतेत फारशी घट येत नाही. अडचण आयुष्याची आहे. रोज तळापर्यंत उतरवली तर ती लवकर मरते. निम्म्यावर थांबलं तर टिकते, आणि मग ८४ पैकी ४२ वॅट-तास हाती येतात, पाच वॅटच्या यंत्राला आठ तास. दोन किलोहून जास्त वजन मात्र पन्हाळ्याच्या पायऱ्या चढणाऱ्यालाच कळतं. आणि उतरलेली बॅटरी ‘उद्या लावू चार्जिंगला’ म्हणून आठवडाभर पडली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि क्षमता परत येत नाही. शिशाच्या बॅटऱ्या वापराने मरतात त्याहून जास्त या आळसाने मरतात, असं माझं पक्कं मत आहे.

लॅपटॉपमधले १८६५० आकाराचे लिथियम सेल सगळ्यांच्या ओळखीचे, म्हणून पहिला मोह त्यांचा होतो. मर्यादेचं गणित इथेच फसतं. एक सेल भरलेला ४.२ व्होल्ट, रिकामा ३ व्होल्ट. तीन सेल ओळीत जोडले तर १२.६ पासून सुरुवात होते, पण सेल ३.८३ वर आला की बेरीज ११.५ होते आणि यंत्र बंद. त्या क्षणी पॅकमध्ये साधारण निम्मा चार्ज शिल्लक असतो. ‘एवढी मोठी बॅटरी लावली तरी दुपारपर्यंतच टिकते’ ही तक्रार बहुधा इथून येते. चार जोडले तर भरलेल्या पॅकचे १६.८ व्होल्ट थेट यंत्रात जातात. हे कधीही करू नये. चार सेलच वापरायचे असतील तर मध्ये व्होल्टेज उतरवणारं बक कन्व्हर्टरचं सर्किट लागतं. एलएम२५९६ या चिपचं छोटं निळं बोर्ड सगळीकडे मिळतं. त्याचा पितळी स्क्रू फिरवून १२.५ व्होल्ट लावायचे, यंत्र न जोडता, मल्टिमीटर लावून. स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, नाहीतर जीपच्या हादऱ्यांनी तो सरकतो. असं सर्किट जळताना आतला स्विच शॉर्ट होऊन पूर्ण १६ व्होल्ट पुढे सोडू शकतं, म्हणून त्याच्या आउटपुटवर १५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (जास्तीचे व्होल्ट अडवणारा) आणि आधी फ्यूज घालावा. इतकं केल्यावर ते चालतं. पण मसाई पठारावर बिघडायला जितक्या जागा कमी तितकं बरं.

म्हणून मी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाजूचा आहे. विद्युत रिक्षा, सौर पथदिवे यांत वापरतात ते जाडजूड ३२७०० सेल, एकेक ३.२ व्होल्टचा, ६ एएचचा, वजन साधारण १४० ग्रॅम. चार ओळीत म्हणजे १२.८ व्होल्ट. कामाच्या वेळात पॅक बहुतांश १३.३ ते १२.८ मध्येच राहतो, आणि ११.५ ला येतो तेव्हा खरोखर संपलेला असतो. ७६ वॅट-तास, त्यातले ऐंशी टक्केच धरले तरी पाच वॅटच्या यंत्राला बारा तास, आणि पेटीसकट वजन पाऊण किलो. यात एकच काटा आहे. याचा नेहमीचा चार्जर १४.६ व्होल्टपर्यंत चढवतो, आणि चार्जरवरून काढल्या काढल्या पॅक १४ च्या वर असू शकतो. रात्री चार्ज करून सकाळी नेला तर तोवर तो आपोआप १३.५ च्या आसपास उतरलेला असतो. घाईत प्लग काढून थेट यंत्राला लावणं तेवढं टाळावं. चार्जर १३.८ ते १४ वर लावता येत असेल तर आणखी उत्तम. पॅक जवळजवळ पूर्ण भरतो आणि मर्यादा कधी ओलांडतच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा १४.६ पर्यंत नेला की बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) चारही सेल समान करून घेतं.

सेल घेताना वजनकाटा सोबत असावा. १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ते खोटं समजावं. त्या आकाराच्या सेलमध्ये साधारण ३५०० च्या आसपास मावतं, आणि चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. हातात हलका लागला तर घेऊ नये. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नये, उष्णतेने आतला पडदा आणि सील बिघडतं. निकेलची पट्टी आणि स्पॉट वेल्डिंग, एवढाच मार्ग. हे ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यावं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत पेटीला लागणारी पट्टी, कडी, स्टँडला अडकवायचा हूक हवा तसा वाकवून मिळतो. सेलचं काम मात्र वेगळं, त्यात धाडस नको.

आता प्लगकडे या. पाच पिनांचा, करंगळीच्या टोकाएवढा, लाल ठिपका ठिपक्यासमोर आणून दाबला की खट्‌कन बसणारा आणि मागचं कडं ओढल्याशिवाय न निघणारा. वर सांगितलेल्या लायका मालिकेत पिन १ वर बाहेरच्या बॅटरीचा प्लस, ३ वर ग्राउंड, ४ आणि ५ डेटाच्या, २ रिकामी. दुसऱ्या यंत्राची मांडणी वेगळी असते, तेव्हा पुस्तिका उघडल्याशिवाय आयर्न गरम करू नये. चूक होते ती इथे : पुस्तिकेतलं चित्र यंत्रावरच्या सॉकेटचं, समोरून पाहिलेलं असतं. हातातल्या प्लगच्या तोंडाकडे पाहिलं तर आकडे उलट्या दिशेने जातात, आणि सोल्डर करायच्या मागच्या बाजूने पाहिलं तर पुन्हा सुलट. डेटाच्या पिनेवर बारा व्होल्ट जायला एवढा गोंधळ पुरेसा आहे. वायर सोलायची तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. आधी प्लगचं टोपण आणि हीट श्रिंकचे (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचे) तुकडे वायरीत ओवायचे, मग टोकावर कथील चढवायचं, पिनेच्या वाटीत कथिलाचा छोटा थेंब, आणि दोन्ही एकत्र दोन सेकंद. जोड चकचकीत दिसला पाहिजे. दाणेदार, मळकट दिसला तर पुन्हा. श्रिंक ओढून बसवला की मल्टिमीटरने प्रत्येक पिन दुसऱ्या प्रत्येक पिनेशी तपासायची, मग बॅटरी जोडून प्लगच्या तोंडावर व्होल्ट आणि त्याचं चिन्ह बघायचं. उणे दिसलं तर वायरी उलट्या आहेत. हे सगळं यंत्र पेटीत बंद असतानाच.

वायर किती जाड? स्वस्तातली मोबाइलची वायर कापून लावलेली बरेचदा दिसते. ०.१४ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध दर मीटरला सव्वाशे मिलिओहम धरा. दोन मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, जवळजवळ अर्धा ओहम. यंत्राने एक अँपिअर ओढला की अर्धा व्होल्ट वाटेतच गेला, आणि १२ ची बॅटरी यंत्राला साडेअकरा वाटते. ०.७५ ची लवचीक दोन पदरी वायर घेतली की तोच तोटा ०.१ व्होल्टच्या खाली येतो. फ्यूज २ अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसपासून चार बोटांवर. यंत्राच्या टोकाला लावलेला फ्यूज मधली वायर दगडाखाली चेंगरली तर काहीच वाचवत नाही. उलट जोडणी रोखायला साधा डायोड ओळीत घालतात, पण तो ०.७ व्होल्ट खातो, आणि मर्यादा इतकी अरुंद असताना ते परवडत नाही. शॉट्की डायोड ०.३-०.४ खातो. त्यापेक्षा बॅटरीच्या बाजूला उलटा बसूच शकत नाही असा एक्सटी६० सारखा कनेक्टर घालावा आणि मगर क्लिपांना पूर्ण रजा द्यावी. एक क्लिप निसटून दुसरीवर पडली की काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस त्या पुन्हा वापरत नाही.

शेतात मांडताना पेटी जमिनीवर, स्टँडच्या पायांच्या मध्ये, खाली पोतं आणि वर सावली. एप्रिलमधला जांभा इतका तापतो की हात टेकवत नाही, आणि ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करू नये. तापलेली पेटी जीपमध्ये टाकून तिथेच चार्जिंगला लावणं दोन्हीकडून वाईट. वायर वर नेताना स्टँडच्या पायाला वेल्क्रोने बांधायची आणि यंत्राकडे हातभर ढील ठेवायची. कुणाचा पाय अडकला तर ओढ पायावर यावी, यंत्रावर नको. काही यंत्रांत जोड खालच्या न फिरणाऱ्या भागावर असतो, तिथे चिंता कमी. जोड फिरणाऱ्या भागावर असेल तर एकाच दिशेने फिरवत राहू नये. वायर गुंडाळत जाते, ताण येतो, आणि कॉम्पेन्सेटर (यंत्राचा कल मोजून सुधारणारा भाग) झुकाव दाखवू लागतो. एक फेरा झाला की उलट फिरवून सोडवावी. वारा असेल तर वायर हेलकावे खाते, तीही पायाला दोन ठिकाणी बांधावी.

जीपच्या लायटरमधून वीज घेण्याचा मार्ग सगळ्यांना सुचतो. इंजिन चालू असताना तिथे १४.२ ते १४.५ व्होल्ट असतात, म्हणजे वरची मर्यादा आधीच ओलांडलेली. स्टार्टर मारताना तेच आठ-नऊपर्यंत घसरतात आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होतं. गाडीची वीज घ्यायची ती आपला पॅक चार्ज करायला, यंत्राला थेट नाही. पॉवर बँकेचंही असंच. ती ५ व्होल्ट देते, आणि लोड फार कमी झाला की ‘मोबाइल भरला’ असं समजून बंद होते. पीडी ट्रिगरचा (जास्त व्होल्ट मागून घेणारा) बोर्ड लावून तिच्याकडून १२ व्होल्ट मागता येतात, पण सगळ्याच बँका १२ देत नाहीत. काही ९ वरून एकदम १५ वर जातात, आणि १५ इथे चालत नाहीत. त्यातून स्टाफ धरणाऱ्या पोराने बँकेच्या शेजारच्या तोंडात मोबाइल लावला की बँक क्षणभर सगळं तोडून व्होल्ट नव्याने ठरवते. तेवढ्यात यंत्र बंद. पुन्हा बॅकसाइट.

जीपीएसच्या बेसचं (एका जागी मांडून ठेवलेल्या रिसीव्हरचं) वेगळं सांगायला हवं, कारण तिथे टोटल स्टेशनचा हिशेब लावून चालत नाही. रिसीव्हर स्वतः थोडंच खातो, पण २५-३५ वॅटचा बाहेरचा रेडिओ प्रक्षेपण करताना कित्येक अँपिअर ओढतो. ७ एएचची बॅटरी त्या वेगाने उतरवली तर लेबलवरची क्षमता हाती येतच नाही. तिथे गाडीची मोठी बॅटरी आणि जाड वायर, दुसरा उपाय नाही.

आता त्या कपाटातल्या यंत्रासारखी यंत्रं. ज्यांना बाहेरचा जोडच नाही किंवा जोड आहे पण वायर मिळत नाही, त्यांच्यासाठी मेलेली डबी हाच प्लग. डबीचं कवच उघडून जुने सेल काढायचे आणि आतल्या पट्ट्यांना वायर जोडून बाहेरच्या पॅकमधून उतरवलेले व्होल्ट द्यायचे : सहा सेलच्या डबीला ७.२ ते ७.४, पाच सेलच्या डबीला ६. काही डब्यांना तिसरी-चौथी पट्टी असते, ती तापमानाच्या सेन्सरची; मूळ डबीतला तो छोटा थर्मिस्टर काढून फेकू नये, तसाच जोडून ठेवावा, नाहीतर काही यंत्रं बॅटरी ओळखत नाहीत. वायर बाहेर काढायला झाकणाला खाच पाडली की पावसापासूनचं संरक्षण गेलं, म्हणून हे यंत्र ऑक्टोबर ते मेच वापरायचं. आणि हे सगळं करण्याआधी यंत्र त्या लायकीचं आहे का ते पाहावं. उधारीची वीज देऊन दोन्ही बाजूंनी, म्हणजे दुर्बीण सरळ आणि उलटी करून, एकाच खुणेचे कोन घ्यावेत, आडव्या कोनांत १८० अंशांचा फरक आणि उभ्या कोनांची ३६० ची बेरीज किती चुकते ते बघावं, माहीत असलेलं एखादं शंभरेक मीटर अंतर मोजून पाहावं. चूक सातत्याने तेवढीच येत असेल तर समायोजन होतं. दर वेळी वेगळी येत असेल तर मन घट्ट करून ते यंत्र सोडून द्यावं. कितीही जीव लावला तरी कॉम्पेन्सेटर मेलेलं यंत्र मोजणीचं उरत नाही.

पुरानंतरच्या कामात या सगळ्याची किंमत कळते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी ओलांडून गेली. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं पाण्यात, आणि लाइट दिवसच्या दिवस नाही. भिंतीवरची पाण्याची रेघ चिखल धुतला की जाते, म्हणून तिची पातळी घ्यायची तर लगेच घ्यावी लागते, नेमकं चार्जिंगला प्लग नसतो त्याच दिवसांत. तिथे पातळी घ्यायचा जुना, बिनबॅटरीचा ऑटो लेव्हल कुणाकडेही हात न पसरता काम करतो. डिजिटल लेव्हल आणि टोटल स्टेशन यांना मात्र बॅटरी हवी. आठवडाभर आधी भरून ठेवलेले दोन फॉस्फेटचे पॅक आणि गाडीवरून त्यांना चार्ज करणारा डीसी चार्जर एवढ्यावर चार-पाच दिवसांचं काम निघतं. पावसाळी आभाळाखाली छोट्या सोलर पॅनलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जूनमध्ये कामं थंडावली की यंत्रं पेटीत जातात. त्या वेळी खणातली डबी काढून वेगळी ठेवावी, तिच्या आणि खणाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. गळलेल्या सेलचा क्षार एकदा आत शिरला की पट्टी खाऊनच थांबतो. लिथियमचे आणि फॉस्फेटचे पॅक निम्म्यावर आणून, शिशाची बॅटरी पूर्ण भरून, निकेलची डबी भरून. फॉस्फेट पॅकचं निम्मं व्होल्टवरून नेमकं कळत नाही, रेषा सपाट असते. पूर्ण भरून पाच वॅटवर सात-आठ तास उतरवला की साधारण तिथे येतो. शिशाला दर तीन महिन्यांनी पुन्हा चार्जिंग, निकेलला महिन्याने, कारण ती ठेवल्या जागी उतरते. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत पेटीत सिलिका जेलची पुडी असावी, आणि दसऱ्याला पूजेसाठी पेटी उघडली की त्याच दिवशी प्रत्येक पॅक तासभर लोडवर ठेवून व्होल्ट टिपून घ्यावेत.